रक्ताचा कर्करोग आणि प्रतिपिंडांचे वेळापत्रक

औषध कोणते, हा प्रश्न आपण सगळेच डॉक्टरांना विचारतो. औषध किती घ्यायचे, हेही विचारतो. परंतु औषध इतक्याच दिवसांनी का, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. डॉक्टरांनी 'सकाळ-संध्याकाळ' म्हटले की सकाळ-संध्याकाळ, 'महिन्याने या' म्हटले की महिन्याने. वस्तुतः काही आजारांत औषधाइतकेच महत्त्व त्याच्या वेळापत्रकाला असते. अशाच एका आजाराची आणि एका औषधाची माहिती या लेखात देण्याचा माझा प्रयत्न आहे.

मी कलाशाखेची विद्यार्थिनी. जीवशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. मग हा विषय मी का निवडला, असे कोणी विचारील. दौंडला राहणारे माझे मामा रेल्वेत ट्रॅकमन होते. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांना मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. आमच्या दोन्ही घरांत कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे इंग्रजीतले रिपोर्ट वाचण्याचे काम आपोआप माझ्याकडे आले. गेली तीन वर्षे मी शिरूरहून दौंडला आणि दौंडहून पुण्याला त्यांच्याबरोबर जात आहे. डॉक्टरांना विचारून, ग्रंथालयात वाचून जे समजले ते सोप्या भाषेत मांडावे, एवढाच हेतू आहे. हा लेख म्हणजे वैद्यकीय सल्ला नव्हे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

आजाराचे स्वरूप

रक्ताचा कर्करोग एकच नसतो. त्याचे ढोबळमानाने तीन गट पडतात : ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा. रक्ताच्या कर्करोगांपैकी सुमारे दहावा हिस्सा मायलोमाचा असतो. उतारवयात तो अधिक आढळतो. २०२१ साली अभिनेत्री किरण खेर यांना हा आजार झाल्याचे त्यांच्या कुटुंबीयांनी जाहीर केले व मुंबईत त्यांच्यावर उपचार झाले, तेव्हा हे नाव पुष्कळांनी प्रथमच ऐकले.

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील सर्व पेशी तेथे तयार होतात. त्यांत प्लाझ्मा पेशी नावाच्या पेशी थोड्या प्रमाणात असतात. शरीरात शिरलेल्या रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करणे हे त्यांचे काम. प्रतिपिंड म्हणजे एक प्रथिन. प्रत्येक प्रतिपिंड एका विशिष्ट खुणेला जाऊन चिकटते, जशी एखादी किल्ली एकाच कुलपाला लागते.

मायलोमामध्ये यांपैकी एक प्लाझ्मा पेशी बिघडते आणि तिची वंशावळ बेसुमार वाढू लागते. या सर्व पेशी एकाच पेशीच्या लेकी असल्याने त्या एकाच नमुन्याचे, निरुपयोगी प्रथिन तयार करतात. त्यास एम-प्रथिन म्हणतात. मज्जेतील जागा या पेशींनी व्यापली की तांबड्या पेशी कमी होऊन पंडुरोग होतो. हाडे पोखरली जातात, पाठ दुखते, किरकोळ धक्क्यानेही मणका दबतो. हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. मामांची पाठ दुखू लागली तेव्हा 'आयुष्यभर रुळांवर घण मारले, दुखणारच' असे म्हणून सगळ्यांनी सात-आठ महिने मलमावर काढले. साठीच्या पुढच्या माणसाची पाठदुखी, थकवा आणि कमी हिमोग्लोबिन ही तिन्ही एकत्र आली तर रक्ताची ही तपासणी करून घ्यावी, एवढे जरी वाचकांनी लक्षात ठेवले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

प्रतिपिंडाचेच औषध

आता या आजाराच्या इतिहासातील एक विलक्षण योगायोग सांगते. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी एकाच नमुन्याची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधून काढली. प्रतिपिंड तयार करणारी निरोगी पेशी प्रयोगशाळेत फार काळ जगत नाही. कर्करोगाची पेशी मात्र मरतच नाही. म्हणून त्यांनी उंदराची निरोगी पेशी आणि उंदराचीच मायलोमाची पेशी यांचा संकर केला. जी संकरित पेशी तयार झाली तिने एकीकडून प्रतिपिंड करण्याचे ज्ञान घेतले आणि दुसरीकडून अमरत्व. या शोधाबद्दल दोघांना १९८४ सालचे नोबेल पारितोषिक नील्स येर्न यांच्यासह मिळाले. ज्या रोगाच्या पेशीने प्रतिपिंडांचा कारखाना उभा करून दिला, त्याच रोगावर पुढे प्रतिपिंडाचेच औषध निघाले. काट्याने काटा काढावा तो असा.

त्या औषधाचे नाव डॅराटुम्युमॅब. अमेरिकेत त्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये मान्यता मिळाली. प्लाझ्मा पेशींच्या पृष्ठभागावर 'सीडी-३८' नावाचे एक प्रथिन दाट असते. डॅराटुम्युमॅब त्याला जाऊन चिकटते. चिकटल्यावर ते अनेक प्रकारे काम करते. रक्तातील काही प्रथिनांची साखळी जागी होऊन पेशीला भोके पाडते. 'नैसर्गिक मारक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशी त्या खुणेवरून शत्रू ओळखतात आणि त्याला मारतात. भक्षक पेशी त्याला गिळतात. म्हणजे औषध स्वतः एकटे लढत नाही, ते शरीराच्या फौजेला शत्रू दाखवून देते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

पूर्वी हे औषध शिरेतून देत. पहिल्या वेळी सुमारे सात तास लागत. २०२० पासून पोटाच्या कातडीखाली द्यावयाचे इंजेक्शन निघाले. त्याला तीन ते पाच मिनिटे पुरतात. सोबत बहुधा लेनालिडोमाइड किंवा बोर्टेझोमिब व डेक्सामेथासोन ही दुसरी औषधे असतात.

आधी आठवड्याने, मग महिन्याने

नेहमीच्या वेळापत्रकानुसार डॅराटुम्युमॅब पहिले आठ आठवडे दर आठवड्याला देतात. नवव्यापासून चोविसाव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्याला. पंचविसाव्या आठवड्यापासून दर चार आठवड्यांनी, आणि ते गुण देत आहे तोवर चालू. म्हणजे पहिल्या वर्षी २३ मात्रा आणि नंतर वर्षाला १३. सोबत बोर्टेझोमिब असेल तर टप्पे किंचित निराळे असतात, पण क्रम तोच : आधी दाट, मग विरळ.

असे का? आमच्या शिरूर भागातील कोणताही कांदा-उत्पादक याचे उत्तर देईल. कांद्याची लागण झाली की लगेच पाणी. मग तीन-चार दिवसांनी आंबवणी, त्यानंतर चिंबवणी. रोपांनी एकदा मूळ धरले की पाण्याची पाळी दहा-बारा दिवसांवर जाते. सुरुवातीला कोरडी जमीनच पाणी पिऊन टाकते, रोपाच्या वाट्याला थोडे येते. जमीन भिजली की तेच पाणी अधिक दिवस पुरते.

औषधाचेही तसेच आहे. आरंभी मज्जेत रोगपेशी प्रचंड असतात आणि प्रत्येकीवर सीडी-३८ च्या असंख्य खुणा असतात. दिलेले औषध त्या खुणांना चिकटून लवकर संपते. म्हणून लागोपाठ मात्रा देऊन सर्व खुणा झाकून टाकाव्या लागतात. रोगपेशी कमी झाल्या की औषध शोषणारी ही कोरडी जमीनही उरत नाही. मग रक्तातील औषध निम्मे व्हायला साधारण १८ दिवस लागतात, आणि चार आठवड्यांनी पुढची मात्रा येईपर्यंत पुरेसे औषध शिल्लक राहते.

महिन्याचे इंजेक्शन म्हणजे अर्धवट उपचार, असा एक समज मला रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या बऱ्याच लोकांत दिसला. तो बरोबर नाही. महिन्याची मात्रा ही आजार आटोक्यात आल्याची निशाणी आहे. ज्या दिवशी मामांचे इंजेक्शन महिन्यावर आले त्या दिवशी मामींनी गल्लीत पेढे वाटले होते, ते योग्यच होते.

आजार परततो आहे, हे कसे कळते?

मायलोमा आजच्या औषधांनी बहुतेकांचा आटोक्यात येतो, पण सहसा समूळ जात नाही. शेतातली हरळी कितीही खणली तरी एखादी मुळी राहून जाते, तशा काही पेशी मज्जेत दबून राहतात. म्हणून बरे वाटत असतानाही ठराविक काळाने तपासण्या कराव्या लागतात.

मुख्य तपासणी सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही होय. रक्तातील प्रथिने विजेच्या क्षेत्रात धावायला लावली की प्रत्येक जात आपापल्या जागी थांबते. एम-प्रथिन एकाच नमुन्याचे असल्याने एका जागी गर्दी करते आणि आलेखात सुळका दिसतो. दुसरी तपासणी 'फ्री लाइट चेन' या प्रथिनाच्या तुकड्यांची. याखेरीज हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि गरजेप्रमाणे हाडांचे स्कॅन.

आजार बहुधा आधी कागदावर परततो, शरीरात नंतर. रुग्ण हिंडत-फिरत असतो, पाठ दुखत नाही, हिमोग्लोबिन चांगले असते, आणि तरी एम-प्रथिन हळूहळू चढत असते. या अवस्थेला 'बायोकेमिकल रिलॅप्स' म्हणतात. मराठीत 'रक्तचाचणीपुरता परतलेला आजार' म्हणता येईल.

परंतु प्रत्येक चढ म्हणजे रोगवाढ नव्हे. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की आतापर्यंतच्या नीचांकापेक्षा एम-प्रथिन किमान २५ टक्के वाढले पाहिजे, शिवाय ती वाढ डेसिलिटरमागे किमान ०.५ ग्रॅमची असली पाहिजे, आणि पुन्हा तपासून ती खरी ठरली पाहिजे. मामांचे एम-प्रथिन निदानाच्या वेळी ४.१ होते. उपचाराने ते ०.२ वर आले आणि दीड वर्ष तेथेच राहिले. नंतर सहा महिन्यांत ०.३, ०.४ आणि ०.६ असे आकडे आले. टक्केवारीने पाहिले तर ही तिप्पट वाढ. तरी नियमाने ०.७ होईपर्यंत तिला रोगवाढ म्हणत नाहीत. आकडेवारीत टक्के आणि प्रत्यक्ष फरक यांत गल्लत करू नये, असे अर्थशास्त्राच्या तासाला ऐकले होते. त्याचा अर्थ मला खरा येथे समजला.

आणखी एक गंमत आहे. डॅराटुम्युमॅब हे स्वतःच 'आयजीजी कॅप्पा' जातीचे प्रतिपिंड आहे. त्यामुळे तपासणीत त्याचाही एक बारीक पट्टा दिसू शकतो. रुग्णाचे एम-प्रथिन त्याच जातीचे असेल, आणि मामांचे तसेच आहे, तर अगदी लहान आकड्यातला काही भाग रोगाचा नसून औषधाचा असू शकतो. पण औषधाची मात्रा तीच असताना आकडा तीन वेळा ओळीने चढला, तर तो चढ औषधाचा नव्हे, हे उघड आहे.

अंतर कमी करावे काय?

येथे या लेखाचा मुख्य प्रश्न येतो. महिन्याच्या इंजेक्शनवर असताना आकडा चढू लागला, तर पुन्हा पंधरवड्यावर किंवा आठवड्यावर यावे काय?

'यावे' या बाजूने असा विचार आहे. रोगपेशी वाढू लागल्या म्हणजे औषध शोषणारी जमीन पुन्हा कोरडी पडू लागली. आता तेच औषध चार आठवडे पुरणार नाही. शेवटच्या आठवड्यात काही खुणा उघड्या राहतील. शिवाय ज्यांचे एम-प्रथिन आयजीजी जातीचे असते त्यांच्या रक्तात डॅराटुम्युमॅबची पातळी इतरांपेक्षा कमी आढळते. शरीरात या जातीच्या प्रतिपिंडांना नष्ट होण्यापासून वाचवून पुन्हा रक्तात सोडणारी एक यंत्रणा आहे. रोगाचे प्रथिन आणि औषध हे दोघेही त्याच जातीचे, त्यामुळे त्या यंत्रणेत जागेसाठी चढाओढ लागते. रोगप्रथिन वाढले की औषध अधिक वेगाने बाहेर फेकले जाते. तेव्हा अंतर कमी करून पातळी भरून काढावी, हे तर्काला धरून आहे.

'येऊ नये' या बाजूचा विचारही तितकाच सबळ आहे. औषध कमी पडल्यामुळे आजार परतला, असे दर वेळी नसते. काही वेळा रोगपेशीच बदललेल्या असतात. ज्या पेशींवर सीडी-३८ च्या खुणा दाट होत्या त्या मेल्या, आणि विरळ खुणांच्या उरल्या व वाढल्या. उरलेल्या पेशी आपल्या खुणा टाकूनही देतात. औषध बंद केल्यावर सुमारे सहा महिन्यांनी या खुणा जवळजवळ पूर्ववत होतात, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केले. जेथे खुणाच नाहीत तेथे औषध आठवड्याने दिले काय आणि रोज दिले काय, सारखेच. दुसरे असे की 'नैसर्गिक मारक' पेशींवरही सीडी-३८ असते, म्हणून या औषधाने त्यांचीही संख्या घटते. फौजच कमी झाली असेल तर शत्रू नुसता दाखवून काय उपयोग? अशा वेळी अंतर कमी करण्याऐवजी निराळ्या रीतीने काम करणारे औषध जोडणे किंवा औषधच बदलणे श्रेयस्कर.

औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात अंतर वाढवीत नेण्याचे टप्पे आहेत, उलट फिरण्याचा टप्पा नाही. रोग वाढेपर्यंत औषध द्यावे, एवढेच त्यात म्हटले आहे. म्हणून आरंभीच्या चढाला काय करावे, हे डॉक्टरांच्या तारतम्यावर अवलंबून राहते. मला समजले त्याप्रमाणे ते पुढील गोष्टी पाहतात.

पहिली, चढाचा वेग. दोन महिन्यांत आकडा दुप्पट झाला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर वाट पाहत नाहीत, उपचार बदलतात. वर्षभरात सावकाश चढत असेल तर थांबून पाहता येते. दुसरी, शरीराची लक्षणे. हाड नव्याने पोखरले जात असेल, क्रिएटिनिन वा कॅल्शियम वाढत असेल, हिमोग्लोबिन घसरत असेल, तर केवळ वेळापत्रकाशी खेळणे धोक्याचे ठरते. तिसरी, सोबतचे औषध. ते मध्यंतरी बंद झाले असेल तर ते पुन्हा सुरू करण्याचा मार्ग असतो. चौथी, रुग्णाची ताकद आणि जंतुसंसर्गाचा इतिहास. हे औषध निरोगी प्लाझ्मा पेशींनाही मारते, त्यामुळे उपयोगी प्रतिपिंडे घटतात. न्यूमोनिया आणि नागीण यांची भीती वाढते.

मामांच्या बाबतीत चढ सावकाश होता, हाडे व मूत्रपिंडे ठीक होती. डॉक्टरांनी दोन महिने इंजेक्शन पंधरवड्यावर आणायचे ठरवले. बाकी काहीही बदलायचे नाही, असेही सांगितले. कारण विचारता ते म्हणाले, "एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळणार नाही. आकडा थांबला तर काही महिने पदरात पडले. नाही थांबला तर पुढची गोळी तयार आहे. ती आत्ताच कशाला खर्च करायची?"

मामा मात्र खचले. मला म्हणाले, "पोरी, आठवड्यावरनं महिन्यावर आलो तवा पेढं वाटलं. आता गाडी उलटी निघाली म्हणायची." मी त्यांना वर लिहिलेले सगळे माझ्या परीने समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजी पावसाळ्यातली गस्त. पाऊस लागला की रुळावर गस्त वाढवत्यात. रूळ तुटला म्हणून न्हाई, तुटू नये म्हणून. पण तुटलाच, तर मग गस्त घालून भागत न्हाई, रूळ बदलावा लागतो." वैद्यकशास्त्राच्या दोन्ही बाजू इतक्या थोडक्यात मला कुठल्याच पुस्तकात सापडल्या नाहीत.

मात्रा ठरते कशी : मुंबईचे एक उदाहरण

प्रतिपिंड-औषधाचे माप आणि अंतर हे दगडावरची रेघ नव्हे, याचा एक पुरावा आपल्याच राज्यात आहे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब या प्रतिपिंडाची केवळ २० मिलिग्रॅमची मात्रा दर तीन आठवड्यांनी देऊन पाहिली. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची. १५१ रुग्णांच्या या चाचणीत नेहमीच्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते. गोळ्यांबरोबर हे अल्प प्रतिपिंड मिळालेल्यांत ते ४३.४ टक्के झाले. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश व त्यांच्या सहकाऱ्यांचे हे काम २०२२ साली प्रसिद्ध झाले. तो आजार निराळा, औषधही निराळे. तेथले माप येथे लागू करता येणार नाही. पण एक तत्त्व त्यातून स्पष्ट होते. प्रतिपिंडाचे लक्ष्य एकदा झाकले गेले की त्यावर आणखी औषध ओतून फारसे साधत नाही.

मायलोमातही अंतर वाढवण्याचे प्रयोग झाले आहेत. युरोपातील कॅसिओपिया या चाचणीत डॅराटुम्युमॅब टिकाऊ उपचार म्हणून दर आठ आठवड्यांनी दिले गेले. टेक्लिस्टामॅब या नव्या, दुहेरी पकडीच्या प्रतिपिंडाची आठवड्याची मात्रा, आजार सहा महिने पूर्ण आटोक्यात राहिला तर, पंधरवड्यावर नेण्यास अमेरिकेत २०२४ साली मान्यता मिळाली. म्हणजे अंतर हा औषधाचाच एक भाग मानून त्याचा अभ्यास चालू आहे.

शिरूर-दौंडच्या माणसाचा हिशेब

पुस्तकात 'दर दोन आठवड्यांनी' हे तीन शब्द असतात. दौंडच्या घरात त्याचा अर्थ वर्षाला १३ ऐवजी २६ फेऱ्या असा होतो. पुणे दौंडपासून सुमारे ७५ किलोमीटर, शिरूरपासून जवळपास तितकेच. पहाटेची गाडी, दिवसभराची रांग, रात्रीची परत गाडी. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. म्हणून अंतर बदलण्याचा निर्णय होताना रुग्णाने आपली अडचण डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. ती सांगण्यात कमीपणा नाही.

काही व्यावहारिक गोष्टी माहीत असाव्यात. कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना रेल्वे शयनयान व वातानुकूलित तृतीय वर्गात भाड्याची पूर्ण सवलत देते, आणि सोबत्यालाही सवलत असते. त्यासाठी ठराविक नमुन्यातले डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात ३६ औषधांवरील मूळ आयातशुल्क माफ झाले. त्यांत डॅराटुम्युमॅब आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरील वस्तू व सेवा करही शून्य झाला. तरी औषध महागच आहे. मामांना रेल्वेच्या आरोग्ययोजनेचा आधार आहे, शेतमजुराला तो नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपल्या रुग्णाचे कोणते औषध त्यात बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आधीच विचारावे.

एक सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तांबड्या रक्तपेशींवरही थोडे सीडी-३८ असते, त्यामुळे या औषधाने रक्त जुळवणीच्या चाचणीत गोंधळ होतो. औषध थांबवल्यावरही सहा महिन्यांपर्यंत तो राहू शकतो. अपघातात वा शस्त्रक्रियेत रक्त लागले तर तालुक्याच्या गावी रक्तपेढीला कारण कळत नाही आणि वेळ जातो. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्यावी आणि 'मी डॅराटुम्युमॅब घेत आहे' असे कार्ड खिशात ठेवावे. मामांच्या खिशात ते पासाच्या जुन्या पाकिटात असते.

समारोप

पुढचे दार बंद नाही. मुंबईतील आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्याने तयार झालेल्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. तो ल्युकेमिया व लिम्फोमाच्या काही प्रकारांसाठी आहे, मायलोमासाठी नव्हे. तथापि ज्या देशात असा उपचार तयार होऊ शकतो, तेथे मायलोमाच्या रुग्णानेही आशा धरायला हरकत नाही. तोवर हाती आहे ते औषध किती दिवसांनी द्यावे, याचा विचार नेमकेपणाने करणे, हेही शास्त्रच आहे.

अंतर कमी झाले म्हणजे सर्व संपले असे नव्हे, आणि अंतर कमी केले म्हणजे आजार हटलाच असेही नव्हे. तो दोन महिन्यांचा एक प्रश्न असतो. उत्तर रक्त देते. हा अंक छापखान्यात जाईल तेव्हा मामांची पंधरवड्याची चार इंजेक्शने पुरी झालेली असतील आणि रिपोर्ट यायचा असेल. आकडा काहीही येवो, तो वाचताना त्याचा अर्थ समजेल, एवढी तयारी आमच्या घराने केली आहे. ज्यांच्या घरी असा कागद येतो आणि वाचणारे कोणी नसते, त्यांच्यासाठी आपण शिकलेल्या मुलामुलींनी तो वाचून द्यावा, एवढीच विनंती करून मी थांबते.